भूगोलाच्या पदवीत विद्यार्थी काय शिकतो? : नारायणगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : कला शाखेतील भूगोल हा विषय 'गुण मिळवून देणारा' किंवा 'स्पर्धा परीक्षेला उपयोगी' म्हणून निवडला जातो. त्यात नेमके काय शिकविले जाते, याविषयी इतर विषयांच्या प्राध्यापकांमध्येही पुरेशी स्पष्टता आढळत नाही. प्रस्तुत लेखात पदवी स्तरावरील भूगोलाच्या आशयाचे विवेचन जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केले आहे. अभ्यासक्रमातील बहुतेक संकल्पना नारायणगावापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात पाहता येतात. तरीही त्या बव्हंशी फळ्यावरच शिकविल्या जातात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पदवी अभ्यासक्रम, स्थलनिर्देशक नकाशा, क्षेत्र-अभ्यास, कुकडी खोरे, स्थाननिश्चिती, भूस्खलन.

प्रास्ताविक

प्राध्यापक कक्षात भूगोलाच्या शिक्षकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे एखाद्या देशाची राजधानी किंवा एखाद्या नदीचा उगम. त्यामागे भूगोल म्हणजे नावांची यादी, ही शालेय वयापासून मनात बसलेली समजूत असते. प्रथम वर्षात येणारा विद्यार्थीही तीच समजूत घेऊन येतो. 'भूगोल का निवडला?' असे विचारले असता 'सर, पाठांतर कमी आहे आणि प्रात्यक्षिकाचे गुण मिळतात' असे प्रामाणिक उत्तर मिळते. या उत्तरात वावगे काही नाही. तथापि तीन वर्षांनंतर त्याच विद्यार्थ्याने काय घेऊन बाहेर पडावे, याचा विचार भूगोलाच्या शिक्षकांनी इतर विषयांच्या सहकाऱ्यांसमोर क्वचितच मांडला आहे. महाराष्ट्रात दरवर्षी १४ जानेवारीला प्रा. चं. धुं. देशपांडे यांच्या स्मरणार्थ 'भूगोल दिन' साजरा होतो. त्या दिवशी भित्तिपत्रके लागतात, प्रश्नमंजूषा होते. विषयाच्या गाभ्याची चर्चा मात्र राहून जाते.

भूगोल हे स्थळांच्या परस्परभिन्नतेचे आणि त्या भिन्नतेमागील कारणांचे शास्त्र आहे. एखादी गोष्ट कोठे आहे, तेथेच का आहे, आणि तेथे असल्यामुळे काय घडते, या तीन प्रश्नांभोवती संपूर्ण पदवीची रचना झालेली असते. प्रथम वर्षाला प्राकृतिक व मानवी भूगोल, पुढे पर्यावरण, महाराष्ट्र व भारत यांचा प्रादेशिक भूगोल, कृषी, लोकसंख्या, पर्यटन, आपत्ती व्यवस्थापन यांसारखे विषय, आणि या सर्वांना समांतर प्रात्यक्षिके, अशी ही साधारण मांडणी आहे. विद्यापीठागणिक नावे व श्रेयांक बदलतात, गाभा बदलत नाही.

नकाशा वाचणे

पदवीच्या विद्यार्थ्याचे पहिले खरे शिक्षण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशावर होते. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. प्रत्येक पत्रक पंधरा मिनिटे अक्षांश व पंधरा मिनिटे रेखांश एवढा भाग व्यापते. आपल्या अक्षवृत्तावर तो सुमारे सव्वासातशे चौरस किलोमीटर भरतो. या पत्रकांचा क्रमांक पाठ करावयाचा नसतो, तो काढावयाचा असतो. नारायणगाव सुमारे १९°०७′ उत्तर अक्षांश व ७३°५८′ पूर्व रेखांशावर आहे. क्रमांक ४७ चा मोठा चौकोन ७२° ते ७६° पूर्व व १६° ते २०° उत्तर या दरम्यानचा. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात, त्यांतील 'ई' भाग ७३° ते ७४° पूर्व व १९° ते २०° उत्तर असा येतो. त्या भागाचे पुन्हा सोळा तुकडे, वरून खाली व डावीकडून उजवीकडे मोजले की शेवटच्या स्तंभातील सर्वांत खालचा तुकडा सोळावा. म्हणून नारायणगाव ४७ ई/१६ या पत्रकावर. शिवनेरी, जुन्नर शहर, लेण्याद्री व ओझर हीदेखील त्याच पत्रकावर सापडतात. मात्र जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवरील खोडदची रेडिओ दुर्बीण ७४° रेखांशाच्या पलीकडे असल्यामुळे ४७ आय/४ या पत्रकावर जाते.

हे उदाहरण वर्गात सोडविताना प्रतिवर्षी एक गंमत घडते. आपले गाव नकाशाच्या अगदी कडेला आहे, हे विद्यार्थ्यांना प्रथम खटकते. आणि शेजारचे पत्रक जोडल्याशिवाय आपला परिसर पुरा होत नाही, हे त्यांना न सांगता कळते.

समोच्चरेषा वाचणे हे यापुढचे पाऊल. वीस मीटर अंतराच्या या रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, दूर गेल्या की सौम्य, हे सूत्र सर्वांना सांगता येते. पण शिवनेरीच्या कड्याचा छेद आलेखावर काढून, नंतर तोच कडा जुन्नरच्या रस्त्यावरून पाहिला की सपाट माथा व पायऱ्यापायऱ्यांची बाजू ही कागदावरील रेषांतून कशी उमटली होती, याची खूण पटते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर संरक्षणासाठीची व नागरी वापरासाठीची पत्रके स्वतंत्र झाली आणि २०१७ पासून नागरी पत्रके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली. त्यापूर्वी एकच जीर्ण, कापडावर चिकटविलेले पत्रक वीस विद्यार्थ्यांनी टेबलाभोवती उभे राहून वाचल्याच्या आठवणी अनेक शिक्षकांकडे असतील. आज प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत उपग्रह प्रतिमा आहे, मात्र तीवर दिशा व प्रमाण शोधण्याची गरजच भासत नसल्याने ते कौशल्य क्षीण होत चालले आहे, असे खेदाने नमूद करावे लागते.

याच प्रात्यक्षिकांच्या ओघात स्थानिक वेळेचा पाठ येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ रेखांशाची. नारायणगाव तिच्या पश्चिमेस ८°३२′. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने फरक चौतीस मिनिटांचा. म्हणजे सूर्य येथे सरासरीने बारा वाजून चौतीस मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. वर्षभरात त्यात काही मिनिटांचा चढउतार होतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्ही सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैअखेर ढगांमुळे दिसत नाही, आणि मे महिन्यात महाविद्यालयाला सुट्टी असते. परिणामी हा विनाखर्चाचा प्रयोग बहुतेकांनी केलेला नसतो.

खडक, नद्या आणि बोरीची राख

प्राकृतिक भूगोलाचा आरंभ खडकांपासून होतो. येथे प्रश्न सोपा आहे, कारण आपल्या पायाखाली एकच खडक आहे : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट. पण 'एकच खडक' हे विधान तृतीय वर्षापर्यंत विद्यार्थ्याने स्वतःच खोडून काढावे, अशी अपेक्षा असते. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, काही घट्ट तर काही वायूच्या पोकळ्यांनी भरलेले. घट्ट थर कडा धरून राहतो, पोकळ थर लवकर झिजतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. जुन्नर परिसरातील दोनशेहून अधिक लेणी खोदणाऱ्या कारागिरांना कोणता थर छिन्नीला साथ देईल याचे ज्ञान असल्याखेरीज तुळजा, मानमोडी व लेण्याद्री ही लेणी झालीच नसती. आणखी एक बाब येथे सांगण्याजोगी आहे. दख्खनच्या बेसाल्टातील मोठ्या स्फटिकांच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी जी नावे दिली, त्यांत 'मंचर' व 'गिरवली' ही आंबेगाव तालुक्यातील नावे आहेत. जागतिक शास्त्रीय साहित्यात आपल्या शेजारच्या गावांची नावे खडकांच्या नावांनी वावरतात आणि मंचरच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नसते.

नद्यांचे पाठ कुकडी व मीना यांच्यावर घ्यावेत. या दोन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यालगत उगम पावून पूर्वेकडे वाहतात, घोड नदीला मिळतात, आणि घोड भीमेला. हॉर्टन व स्ट्रॅलर यांच्या पद्धतीने प्रवाहांची श्रेणी लावणे, खोऱ्याची सीमा आखणे, प्रवाहघनता काढणे ही सर्व प्रात्यक्षिके या खोऱ्यावर होऊ शकतात. कुकडीच्या पात्रात खाली निघोज येथे वाहत्या पाण्याने गोटे गरगरवून कोरलेले रांजणखळगे आहेत. आणे घाटाच्या परिसरात गुळुंचवाडी येथे बेसाल्टातील नैसर्गिक पूल आहे. पाठ्यपुस्तकांत या भूरूपांची चित्रे परदेशातील असतात.

परंतु या खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाचे शैक्षणिक स्थळ कोणते, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक बोरीचे नाव घेईल. कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक येथे गाळाच्या थरांत ज्वालामुखीय राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर विस्तृत काम केले. राख येथील नव्हे. दख्खनचा लाव्हा त्यापूर्वी कोट्यवधी वर्षे शांत झालेला होता. ती वाऱ्याबरोबर इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आली, याविषयी बरीचशी सहमती आहे. वाद आहे तो वयाचा. काही निर्धारणांनी तिचे वय सुमारे चौदा लाख वर्षे आले, नंतरच्या एका निर्धारणाने ते पावणेसात लाखांच्या आसपास आणले, आणि रासायनिक साधर्म्यावर भर देणाऱ्या अभ्यासकांनी ती टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची मानली. या फरकावर राखेसोबतच्या हत्यारांचे, पर्यायाने आपल्या भूमीवरील मानवी वावराचे वय अवलंबून आहे.

हा वाद विद्यार्थ्यांसमोर ठेवला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : 'सर, मग परीक्षेत कोणते वय लिहायचे?' या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळून, तिन्ही निर्धारणे कोणत्या पद्धतींनी झाली, नदीने राख दुसरीकडून वाहून आणून पुन्हा साचविली असेल तर काय होईल, हत्यारे राखेच्या वर की खाली, असे प्रतिप्रश्न विचारावेत. शास्त्रीय विधान म्हणजे काय, हे समजण्यासाठी यापेक्षा जवळचे साधन उपलब्ध नाही.

पाऊस आणि सरासरी

जुन्नर व आंबेगावच्या पश्चिमेस, घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे साठ-सत्तर किलोमीटर गेल्यावर आण्याच्या पठारावर तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात येतो. पर्जन्यछायेचा प्रदेश ही संकल्पना शिकविण्यासाठी एस.टी.चा एक दिवसाचा प्रवास पुरेसा आहे. पश्चिमेकडे भातखाचरे व हिरड्याची झाडे, महादेव कोळी व ठाकर समाजांच्या विखुरलेल्या वाड्या. मध्यभागी धरणे, ऊस, द्राक्ष व टोमॅटो. पूर्वेकडे बाजरी आणि पाण्याची प्रतीक्षा.

संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात येथेच खरा अर्थ भरतो. सरासरी काढणे यांत्रिक आहे. प्रमाण विचलनास सरासरीने भागून विचरण गुणांक काढला की दिसते ते असे की, कमी पावसाच्या प्रदेशात पाऊस केवळ कमी नसतो, तो अधिक बेभरवशाचाही असतो. आण्याच्या शेतकऱ्याला सरासरीचा उपयोग नाही. हे विधान गणिताने सिद्ध करणारा विद्यार्थी आणि तेच घरच्या अनुभवाने जाणणारा विद्यार्थी एकाच बाकावर बसलेले असतात. शिक्षकाचे काम त्यांची गाठ घालून देण्याचे आहे.

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व आंबेगावातील डिंभे या पाच धरणांनी या नैसर्गिक क्रमावर एक नवा नकाशा चढविला. पाणी साठते येथे, पण कालव्यांनी ते पूर्वेकडे अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांतील तालुक्यांपर्यंत जाते. त्यामुळे आवर्तनाच्या वेळी जे वाद उभे राहतात, ते नदीखोरे व प्रशासकीय सीमा यांतील विसंगतीचे उत्तम उदाहरण होत. बिबट्याचा प्रश्नही याच साखळीत येतो. सिंचनाने ऊस आला, उसाने वर्षभर आडोसा दिला, आणि माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभारण्याची वेळ आली. प्राणिभूगोलाचा हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात सविस्तर आलेला नाही.

बाजार, तमाशा आणि दुर्बीण

मानवी भूगोलात वॉन थुनेनचा १८२६ चा कृषी भूमी-उपयोजनाचा सिद्धांत व ख्रिस्टालरचा १९३३ चा केंद्रस्थान सिद्धांत अपरिहार्यपणे येतात. दोन्ही जर्मन मैदानांवरील निरीक्षणांतून निघालेले, आणि विद्यार्थी त्यांतील वर्तुळे व षट्कोन मोठ्या कष्टाने रेखाटतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ही वर्तुळे तपासून पाहता येतात. थुनेनच्या मते नाशवंत माल शहराच्या निकट पिकावा. येथील टोमॅटो मात्र वीस किलोच्या क्रेटमधून, शेतकऱ्याच्या भाषेत 'कॅरेट'मधून, परराज्यांपर्यंत रवाना होतो. म्हणजे सिद्धांत खोटा ठरला काय? नाही, त्यातील वाहतूकखर्चाची अट बदलली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव देशभर किलोला शंभर रुपयांपलीकडे गेला तेव्हा याच बाजाराची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. इतर हंगामांत भाव न मिळाल्याने माल रस्त्यावर ओतल्याची छायाचित्रेही आपण पाहिली आहेत. पुरवठ्याचे क्षेत्र, लागवडीचा कालावधी व भाव यांचा संबंध मांडणारा प्रकल्प तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे, कारण त्याचे वडील पहाटे त्याच बाजारात उभे असतात.

केंद्रस्थान सिद्धांताला नारायणगावने दिलेले उदाहरण तर एकमेवाद्वितीय म्हणावे लागेल. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावच्या यात्रा समित्यांची मंडळी चैत्र-वैशाखातील जत्रांसाठी फडांना सुपारी देण्यास येतात. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे; पण भूगोलाच्या दृष्टीने विचार केल्यास, ही सेवा येथेच का एकवटली, तिचे सेवाक्षेत्र कोठपर्यंत पसरले आहे, कोणत्या तालुक्यांतील समित्या येथे येतात आणि कोणत्या दुसरीकडे जातात, असे प्रश्न निर्माण होतात. एका आठवड्यात राहुट्यांवर बसून भरलेल्या प्रश्नावलीतून सेवाक्षेत्राचा नकाशा तयार होऊ शकेल. मराठीच्या व समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांनी यात सहभाग घेतल्यास बहुविद्याशाखीय संशोधन या शब्दाला काही अर्थ प्राप्त होईल.

मार्ग बदलले की केंद्रे बदलतात. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याकडून नाणेघाट चढून येणाऱ्या मालाचे पहिले मोठे ठाणे जुन्नर होते. घाटातील नागनिकेचा शिलालेख व जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण त्याची साक्ष देतात. आधुनिक काळात पुणे-नाशिक हा दक्षिणोत्तर रस्ता प्रबळ झाला आणि त्यावरील नारायणगाव व, कल्याण-अहिल्यानगर रस्ता जेथे त्याला छेदतो ते, आळेफाटा वाढले. तालुक्याचे मुख्यालय मात्र जुन्नरलाच राहिले.

स्थाननिश्चितीचा सर्वांत बोलका धडा खोडदला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही महाकाय मीटर तरंग दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यवर्ती क्षेत्रात आणि सोळा इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असावा, भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेस असल्याने आयनांबर शांत असावे, तरीही दक्षिणेकडील आकाशाचा मोठा भाग दिसावा, आणि पुण्यासारखे शहर आवाक्यात असावे, या गोष्टी पाहिल्या गेल्या. वेबरचा उद्योगस्थानाचा सिद्धांत लोखंड-कोळशावर शिकविण्याऐवजी 'शांतता' हा कच्चा माल मानून शिकविला तर कसे, असा विचार मनात येतो.

हा धडा आता प्रत्यक्ष संघर्षाचा झाला आहे. पुणे-नाशिक अतिवेगवान रेल्वेचा प्रस्तावित मार्ग या परिसरातून जाणार होता. दुर्बिणीच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल, हा आक्षेप पुढे आल्यावर रेल्वे मंत्रालयाने मूळ मार्ग बदलण्याची भूमिका घेतली, आणि रेल्वेची वाट पाहणाऱ्या येथील जनतेत नाराजी पसरली. वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना रेल्वे हवी असते. त्यांच्यापुढे दुर्बिणीची बाजू मांडणे आणि दुर्बिणीचा अभिमान असणाऱ्यांपुढे रेल्वेची बाजू मांडणे, दोन्ही शिक्षकाने करावे. कोणतीही जागा एकाच उपयोगासाठी योग्य नसते, आणि पर्यायी मार्गाचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न नकाशावर मिटत नाही.

माळीण

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा भाग कोसळला. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली, दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्यामुळे बाहेर बातमी कळली. ४७ ई/१६ च्या लगत पश्चिमेस असलेल्या ४७ ई/१२ या पत्रकावर माळीण आहे. घटनेनंतर त्या पत्रकावरील समोच्चरेषा वर्गात पाहिल्या, त्या दिवशी नेहमीची कुजबुज नव्हती.

भूस्खलनाची प्रक्रिया द्वितीय वर्षापर्यंत शिकवून झालेली असते. तीव्र उतार, त्यावर झिजलेल्या बेसाल्टाचा व मातीचा जाड थर, खाली कमी सच्छिद्र खडक; सलग अतिवृष्टीने थर संपृक्त होतो, रंध्रांतील पाण्याचा दाब वाढतो, कणांमधील घर्षण घटते, आणि उतार सुटतो. माळीणच्या बाबतीत पावसाखेरीज वरच्या उतारावर शेतीसाठी झालेले सपाटीकरण, वृक्षतोड व पाण्याचे नैसर्गिक मार्ग अडणे ही कारणेही चर्चेत आली आणि त्यांच्या वाट्याविषयी मतभेद झाले. विद्यार्थ्याने हे सर्व घटक दहा गुणांच्या उत्तरात लिहावेत, एवढ्यावर आपले समाधान झाले होते, हे आज मान्य करावयास हवे. उतारावरील तडे, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे व खांब ही पूर्वचिन्हे कोणत्या वाडीत दिसतात याची नोंद ठेवण्यास त्याला कधी सांगितले नव्हते.

माळीणचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यात महाडजवळ तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी येथे तशीच घटना घडली. तिन्ही घटना जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातील, तिन्ही सह्याद्रीच्या उतारावरील वस्त्या. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. हा आकडा, उताराचा अंश आणि वस्तीचे स्थान हे तीन थर भौगोलिक माहिती प्रणालीत एकमेकांवर ठेवणे, हे पदवी स्तरावरील प्रात्यक्षिक आहे. त्यासाठी लागणारी क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली विनामूल्य मिळते, इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उपग्रह प्रतिमा मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने भूस्खलनप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार केले आहेत. पण त्यांचे प्रमाण पाहता एखादी वाडी नेमकी कोणत्या ओघळीखाली आहे, हे गावात पायी फिरल्याशिवाय ठरत नाही. पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून येणारे विद्यार्थी आपल्याच वर्गात आहेत. ती पायपीट त्यांना वेगळी करावी लागत नाही. सुट्टीत ते घरी जातातच.

निकटतम शेजार विश्लेषण हे क्लार्क व इव्हान्स यांचे १९५४ चे तंत्र वस्त्यांच्या मांडणीला शून्य ते २.१५ यांमधील एक संख्या देते : शून्याकडे एकवटलेली, एकच्या आसपास यदृच्छ, २.१५ कडे समान अंतरावरील. पश्चिम पट्ट्यासाठी ही संख्या काढणारा विद्यार्थी सहसा तेथेच थांबतो. वाड्या विखुरल्या आहेत याचा अर्थ शाळा, दवाखाना व पावसाळ्यातील मदत किती दूर, हे पुढचे वाक्य त्याच्याकडून लिहून घ्यावे लागते.

क्षेत्र-अभ्यास : कागदावरचा आणि पायाखालचा

पदवीच्या प्रात्यक्षिकांत साखळी व समतल फलक सर्वेक्षण, प्रिझमॅटिक कंपास, डम्पी लेव्हल, हवामान नकाशांचे वाचन, नकाशा प्रक्षेपणे, आणि शेवटी सहल-अहवाल व ग्राम-सर्वेक्षण यांचा समावेश असतो. यांतील सर्वेक्षण बहुधा महाविद्यालयाच्या मैदानातील त्याच तीन झाडांभोवती होते. वर्षानुवर्षे त्रिकोण तोच राहतो, फक्त वहीवरील नाव बदलते. सहल दूरच्या प्रेक्षणीय स्थळी जाते. विद्यार्थ्यांना प्रवास घडतो ही जमेची बाजू, आणि अनेकांसाठी तो घराबाहेरचा पहिलाच मुक्काम असतो हेही विसरता येत नाही. मात्र अहवालातील 'स्थान, हवामान, मृदा, वनस्पती, लोकजीवन' ही प्रकरणे निघण्यापूर्वीच लिहून तयार असतात. एका तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने अहवालातील नदीचे नाव अचूक सांगितले. ती कोणत्या दिशेने वाहत होती असे विचारल्यावर तो म्हणाला, 'सर, बसमधून दिसली नाही.' परीक्षकाने हसून पुढचा प्रश्न घेतला. वही प्रमाणित करणारी सही प्रस्तुत लेखकाचीच होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य व गौण विषय, चौथ्या वर्षाची सोय, आणि त्यांबरोबरच क्षेत्र-प्रकल्प, कार्यानुभव प्रशिक्षण व समाजसंपर्क यांना श्रेयांक, अशी तिची रचना आहे. भूगोलासाठी ही संधी आहे, कारण इतर विषयांना जे नव्याने शोधावे लागेल ते भूगोलाकडे आधीपासून आहे. धोकाही तोच आहे. श्रेयांक मिळतो म्हणून अहवाल येतील आणि ते पूर्वीप्रमाणे निघण्यापूर्वीच लिहिलेले असतील. मुख्य विषयाची निवड आता विद्यार्थ्याच्या हाती अधिक प्रमाणात आल्याने, ज्या विभागात प्रवेश घटतील तेथील पदांचा प्रश्न उभा राहणार, ही चिंता अनेक सहकारी खासगीत बोलून दाखवितात.

यासाठी सुचविता येण्याजोगी व्यवस्था फारशी खर्चाची नाही. प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या गावाचे स्थलनिर्देशक पत्रक द्यावे आणि तेच तीन वर्षे वापरावयास लावावे. पहिल्या वर्षी त्याने त्यावर आपले घर, विहीर व ओढा दाखवावा. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात साध्या पर्जन्यमापकाची दैनंदिन नोंद करावी. पश्चिमेकडील वाड्यांपासून आण्यापर्यंतच्या पन्नास विद्यार्थ्यांच्या नोंदी एकत्र केल्या तर तालुक्याच्या पावसाचा असा छेद तयार होईल की जो कोणत्याही शासकीय केंद्रांच्या जाळ्याहून दाट असेल. तिसऱ्या वर्षी त्याने एक प्रश्न निवडावा : पीकबदल, कालव्याचे आवर्तन, बाजाराचे सेवाक्षेत्र किंवा उताराचा धोका. संख्याशास्त्र विभागाने नोंदींची तपासणी करावी, मराठी विभागाने अहवालाची भाषा पाहावी. नोंदवह्या विभागाच्या कपाटात राहाव्यात आणि पुढच्या तुकडीने त्या पुढे चालवाव्यात. पर्जन्यमापकासाठी सरळ बाजूंची बाटली कापून, तळ सपाट करून, बाजूला मोजपट्टी चिकटविली तरी चालते. नोंद मात्र रोज सकाळी साडेआठ वाजता, हवामान विभागाच्या वेळेप्रमाणेच घ्यावी.